आठ भट्ट्या आणि एक बरणी

चौक,
८ मार्च

चि. समीक्षास नंदाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू फोन कर म्हणतेस, पण इथे फोन लावला की आमच्या बचत गटातल्या सगळ्या जणी एकदम बोलतात आणि पलीकडे तुला काय कळतं ते मारुतीलाच ठाऊक. म्हणून पत्र. शिवाय पत्रातून तुला 'मीटिंग आहे' म्हणून पळता येत नाही.

गोष्ट अशी की मे महिन्यातलं तुझ्या लग्नाचं जेवण आमचा गट करणार, असं मी धरूनच चालले होते. आणि तुझ्या बाबाने पनवेलचा केटरर बघून ठेवला! सुनील, माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन फिरले! म्हणतो, तुमचे पापड-कुरडया ठीक, पण सहाशे पानं म्हणजे चेष्टा नाही. मी काही रडले नाही, भांडले. तुझी आईही माझ्या बाजूने भांडली. शेवटी सुनीलने अट घातली. खालापूरच्या बाजूला मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीचा भंडारा असतो, तिथे ठीक बाराला पहिली पंगत बसवून दाखवा, मग लग्न तुमचं. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

आता झोप उडाली आहे. भट्टी एक आणि बाया बारा. एक ढवळते, बाकीच्या गप्पा मारतात. वाडीवरची भागी म्हणते आणखी मोठी भट्टी आणू. तू बंगळुरात कॉम्प्युटरचा मेंदू बनवतेस ना? तो एका वेळी इतकी कामं कशी उरकतो ते मला सांग. तुझ्या लग्नात परक्याच्या हातची आमटी वाढलेली मला बघवणार नाही गं.

लोभ आहेच, तो मंद आचेवर राहू दे.
तुझी,
नंदाआत्या


बंगळुरू,
१५ मार्च

ती. नंदाआत्यास समीक्षाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्याने पाणी आणून दिलं.

मोठी भट्टी मुळीच आणू नका. आमच्याकडे आधी हेच चाललं होतं. प्रोसेसरमध्ये एकच कोअर असायचा, म्हणजे एकच स्वयंपाकीण, आणि तिला दरवर्षी आणखी पळवायचे. शेवटी ती इतकी तापायला लागली की चिपवर पापड भाजून घ्यावा. मग लोक शहाणे झाले आणि एकीच्या जागी दोन, चार, आठ जणी उभ्या केल्या. त्यातही डाळ शिजेपर्यंत एकीने नुसतं बसायचं नाही, तोवर कांदा चिरून घ्यायचा. तिच्या हातातल्या अशा दोन कामांना आम्ही दोन थ्रेड म्हणतो.

आता आमच्या साहेबांना एका चिपमध्ये शंभरावर कोअर हवे आहेत. पुढच्या महिन्यात मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे की या प्रोसेसरांचं पुढे काय होणार. मी सांगणार आहे की नुसत्या बाया वाढवून भागत नाही. शंभर जणी एकाच विळीसाठी खोळंबल्या तर ती रांग झाली, स्वयंपाक नव्हे. माझ्या मते पुढचे दिवस वेगवेगळ्या कोअरचे आहेत. भाताला दांडगी बाई, कोथिंबिरीला चपळ पोर, आणि जिचं सामान तिच्या हाताशी.

तेव्हा आठ भट्ट्या मांड. प्रत्येकीचा डाव वेगळा, मीठ-मसाला वेगळा, कोणी कोणाकडे मागायला जायचं नाही. बाबा हरलेच म्हणून समज. मी तर नवरदेवाला, जितेशला, सांगूनही टाकलं आहे की केटरर आला तर नवरी येणार नाही. बिचारा घाबरला आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
समीक्षा


चौक,
४ एप्रिल

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. वि. वि.

आठ भट्ट्या मांडल्या. काय सांगू, अकराला सगळा स्वयंपाक तयार! मी पदर खोचून चक्क फुगडी घातली भागीबरोबर. सुनील देवळाच्या पायरीवर बसून घड्याळ बघत होता, मी मुद्दाम त्याच्यासमोरून तीनदा गेले.

मग नैवेद्य दाखवला. तुला ठाऊकच आहे, देवाला दाखवल्याशिवाय आपल्यात कोणी चाखत नाही, मीठ सगळं अंदाजाने. पुजारीबुवांनी प्रसादाचा पहिला घास घेतला आणि मारुतीरायाकडे असं बघितलं की जणू त्याची माफीच मागतायत. आमटी खारट ढोण!

झालं होतं असं. मीठ मी घातलं होतं. भागीला वाटलं गडबडीत ते राहिलं, आणि तू सांगितलंस तसा प्रत्येकीकडे मिठाचा वेगळा डबा होताच, तिने आपल्या डब्यातलं घातलं. चाखायची सोय नाही आणि विरघळलेलं मीठ दिसत नाही. पण आमटी दोन मुठींच्याही वर खारट होती. तिसरा हात कोणाचा ते कोणी सांगेना. मला वाटलं, गेलं लग्न पनवेलला.

मग भागीनेच हाक दिली आणि आम्ही आठही भट्ट्यांवर थोडी थोडी मुगाची डाळ चढवली, बिनमिठाची. ती शिजली तशी खारट आमटी सगळ्यांत वाटून टाकली. एका भट्टीवर हे दिवेलागणीपर्यंत झालं नसतं. बाराचा ठोका आणि पहिली पंगत एकदमच बसली. वर आमटी उरली, ती टोलनाक्याजवळ थांबलेले ड्रायव्हर येऊन जेवले.

शेवटच्या पंगतीला सुनील बसला. तीनदा आमटी मागून घेतली. मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, तिसरी मूठ माझी हाय. मला वाटलं, घाईत तू इसरलीस. तू हरायला नको म्हणून घातली गं."

मी डाव उगारला आणि तिथेच रडायला लागले. अट घालणारा हाच, आणि मी जिंकावं म्हणून चोरून मीठ घालणाराही हाच. लग्न आमचं झालं, पोरी. केटररला त्याने माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितलं.

तुझ्यावरचा राग ओसरला आहे, माया तेवढीच आहे.
नंदाआत्या


बंगळुरू,
११ एप्रिल

ती. नंदाआत्यास नमस्कार, धपाटा पोचला. वि. वि.

चूक माझी. दोघांनी एकमेकांना न बघता एकाच टोपात हात घातला की असंच होतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. त्यावर आम्ही कुलूप वापरतो. एकाचं आवरेपर्यंत दुसऱ्याने तिथे हात लावायचा नाही. तुला आठ भट्ट्या सांगायच्या आनंदात मी ते कुलूपच सांगायला विसरले. आणि तेच तर माझं रोजचं काम!

काल माझं बोलणं झालं. प्रोसेसरांचं पुढे काय, असं विचारलं तेव्हा मी आमटीची गोष्ट सांगितली. कोअर कितीही वाढवा, कोणी कुठे हात घालायचा नाही हे ठरवणं ज्याला जमेल त्याचीच चिप पुढे जाईल, असं म्हणाले. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि तिसरी मूठ घालणाऱ्याला भेटायला लग्नाला येतो म्हणाले.

तर लग्नात मिठाची बरणी एकच ठेव आणि ती बाबांच्या हातात दे. त्यांनी स्वतः घालायचं नाही, मागेल तिला द्यायची आणि परत घ्यायची. अडचण एकच. कन्यादानाला त्यांचे दोन्ही हात लागतील, तेव्हा बरणी कोणाकडे ते आधी ठरवून ठेव.

भेटीची वाट बघते आहे, आणि आमटीचीही.
तुझी,
समीक्षा


चौक,
१८ एप्रिल

चि. समीक्षास आशीर्वाद. वि. वि.

सुनीलला विचारलं. म्हणतो बरणी कोणाला द्यायची नाही, ती मांडीवर घेऊनच कन्यादानाला बसतो. मी म्हटलं, नको बाबा, आमटीत मीठ आपण त्याच्या आधीच घालून वर झाकण ठेवू. तुझा हात सोडताना तो रडणार, मी रडणार, भागी तर आत्तापासूनच रडते आहे. उघड्या टोपावर एवढ्या जणांच्या खारट आसवांना कोण आवरणार?

लवकर ये. झाकण मोठं बघून ठेवलं आहे.
तुझी,
नंदाआत्या