डोक्यावरचा पदर आणि तुमची गिटार

प्रिय अहो,

पत्राच्या सुरुवातीला नाव लिहावं, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. पण तुमचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं? आता कसं घेऊ! तरी लिहिल्याशिवाय राहवेना. काल संध्याकाळी शिनोलीच्या हळदीत तुमची गिटार पुन्हा वाजली. आपल्या मुक्तानं वाजवली.

तुम्ही गेल्यापासून बेंजो पार्टीतली तुमची जागा मास्तरांनी रिकामीच ठेवली होती. मुक्ता मागे लागली तेव्हा म्हणाले, "एक हळद वाजव बाळा. ऐकू आली तर जागा तुझी. न्हाई तर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

पोरीनं दार लावून तयारी केली. अँपचा बेस भरपूर, घुमारा भरपूर. काय गोड वाजायचं! तुम्ही मात्र मांडवासाठी अँप लावलात की मी कानांवर हात ठेवायची. "पत्रा वाजतोय नुसता!" तुम्ही हसायचात. "हा आवाज तुझ्या कानासाठी न्हाई गं. ढोल-ताशातनं वाट काढायला हाय."

हे मी तिला सांगायला गेले, तर म्हणते, "आई, तू शाळेतल्या पियानोवाली. तुला काय कळतंय!" तुमचीच लेक!

मांडवात ढोल-ताशा सुरू झाला आणि गिटार गडप. तिनं आवाज वाढवला, तर नुसती घरघर. शेजारची बाई मला विचारते, "ताई, ही पोरगी नुसतीच हात हलवतीया का वो?" मास्तर तिच्याकडे बघेनात.

आणि मी पदर डोक्यावर घेतला.

आठवतं ना? वाजवणाऱ्याला आपला आवाज लांब कसा पोचतो ते कळत नाही, म्हणून मला बायकांच्या शेवटच्या रांगेत बसवायचात. गिटार ऐकू येईना की पदर डोक्यावर, आली की खांद्यावर. तुमच्या आत्याबाई किती खूश! "कॉन्व्हेंटची असून बघा कशी मर्यादेनं बसती!" घरी पोचेपर्यंत आपण हसू दाबून असायचो.

मुक्ता तेव्हा माझ्या मांडीवर असायची. काल तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं! गाणं संपताच बेस कमी केला, घुमारा जवळजवळ बंद, घरघर करणारा गेन खाली, मधल्या सुरांचा मिडल वर. अँप जमिनीवरून उचलून टोमॅटोच्या क्रेटवर तिरका ठेवला, अगदी तुमच्यासारखा. पुढचं गाणं सुरू झालं आणि तो पत्रा खणखणत थेट माझ्यापर्यंत आला. शेजारची बाई उठून नाचायलाच लागली!

मी पदर खांद्यावर सोडला. पण डोळे पुसायला तो पुन्हा वर गेला, आणि पोर बिचारी घाबरून परत अँपकडे धावली!

निघताना मास्तर म्हणाले, "वहिनी, पारगावच्या हळदीला पोरीला येळंवर धाडा."

न सांगता निघून गेलात, त्याचा रुसवा अजून आहेच. तो वर भेटल्यावर काढू. पण एक वचन देते. मुक्ता वाजवेल तिथं मी शेवटच्या रांगेत बसेन. आणि शाळेत असताना लावायची तसा खांद्याला रुमाल पिनेनं लावून जाईन. डोळ्यांसाठी रुमाल. पदर फक्त गिटारसाठी.

तुमची,
शैला