बाबांच्या मनगटावरचा पट्टा

आन्दोंग, ३ नोव्हेंबर

चि. हेरिन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

वसंतात मी चक्कर येऊन पडल्यापासून तुझ्या सेऊलच्या रुग्णालयाने दिलेला पट्टा मनगटावर आहे. माझ्या नाडीची वार्ता तो क्षणोक्षणी तिकडे धाडतो म्हणे. ती कोण वाचतो आणि वाचून कोणास सांगतो, असे विचारले, तर तिथले तरुण डॉक्टर नुसते हसले. पहाटे बुद्धमूर्तीपुढे एकशेआठ दंडवत घालताना हा मध्येच गुरगुरतो. जन्मभर सूत्रे वाचली. भक्तीची मोजदाद मनगटावरून करावी, असे कुठे आढळले नाही. तुझी आई मात्र म्हणते की, बायकोचं कधी ऐकलं नाहीत, आता पट्ट्याचं ऐका.

फोन करू नकोस. तोही ऐकत असेल. बापावरची माया पत्रातूनच कळव.

तुझा,
बाबा

सेऊल, ११ नोव्हेंबर

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर रोज पहाटे, नेमक्या दंडवताच्या वेळी, तुमच्या हृदयाचा ठोका चुकतो आहे. डॉक्टर म्हणाले की, हे असेच चालले तर हृदय एखाद्या पहाटे थांबेल. दंडवत बंद करा आणि इकडे या. रागावलात तरी चालेल, पण या.

आपली,
हेरिन

आन्दोंग, १५ नोव्हेंबर

चि. हेरिन हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझे यंत्र खोटे बोलते, हे आज सिद्ध झाले! असत्य न बोलण्याचे माझे व्रत आहे, म्हणून पट्टा बंद केला नाही. मागचे पत्र टाकल्यापासून रोज दंडवतापुरता फक्त तुझ्या आईच्या मनगटावर बांधतो. ती त्या वेळी शेजारी बसून किमचीच्या लोणच्यासाठी लसूण सोलते. हल्ली तेवढ्यानेही तिला धाप लागते, पण ते वयाचे. ती म्हणाली की, म्हाताऱ्याने बुद्धापुढेच लबाडी केली. दंडवत माझे, हृदय म्हणे माझे, आणि पट्टा तिच्या हाती! डॉक्टरांना जरूर सांग. आता मी हसतो.

तुझा विजयी,
बाबा

सेऊल, १७ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून गाडी पाठवते आहे, आणि ही चिठ्ठी तिच्या चालकाबरोबरच. यंत्र खोटे बोलले नाही, बाबा. आठवडाभर पहाटे पट्टा ज्या मनगटावर होता, त्याच मनगटाचे ते ठोके आहेत. आईला लसूण खाली ठेवायला सांगा. याच गाडीने तिला घेऊन निघा.

हेरिन

आन्दोंग, २० डिसेंबर

चि. हेरिन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईसह सुखरूप घरी पोहोचलो. ठोके सांभाळायला डॉक्टरांनी तिच्या छातीत बसवलेले इवलेसे यंत्रही तिकडे वार्ता धाडते. ती कोण वाचतो, हे मी रुग्णालयातून निघतानाही विचारले. कोणी धड सांगितले नाही. माझा संशय कायम आहे.

परंतु सर्व जिवांच्या कल्याणासाठी रोज मस्तक टेकवत होतो, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या जिवाची वार्ता मला सेऊलहून आली. आता दंडवत झाले की मी तिच्या मनगटावर बोटे ठेवून बसतो. शेजारणीला ती सांगत होती की, यांचा यंत्रावर विश्वास नाही, म्हणून रोज माझा हात धरतात. मीही ते खोडून काढत नाही.

आम्हां दोघांवर तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
बाबा