जायला एक तास, यायला नऊ

दादा,

तिकीट हातात पडलं आणि मी चाटच पडले. सकाळी नऊला विमान सुटणार, दहाला तुझ्याकडे. परतीचं मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सुटून रात्री नऊला इथे. जायला एक तास, यायला नऊ! म्हटलं, अगं बाई, म्हणून दादाला सहा वर्षं यायला जमलं नाही होय! बिचाऱ्याला चढ लागतो.

तिकीटवाला पोट धरून हसला. "ताई, जाताना पाच तास आणि येतानाही पाचच. तिकडचं घड्याळ चार तास मागे आहे, एवढंच."

म्हणजे अंतर दोन्हीकडून सारखंच. तुझी तीही सबब गेली.

आईला आता दिसत नाही, पण कडी वाजली की विचारते, "आला का?" निघताना तू 'येतो' म्हणाला होतास. सगळेच म्हणतात, पण तिने ते खरं धरलं.

म्हणून शिलाईच्या दुकानाला कुलूप लावून मी विमानतळावर बसले आहे. हे पत्र टाकणार नाही. आधी कळवलं तर तू नेमका बाहेरगावी जाशील, मी ओळखून आहे तुला. परतीची तिकिटं दोन काढली आहेत. बॅग भरायला तासभर देईन, वर एक मिनिट नाही.

सकाळी उंबऱ्यात मी म्हटलं, "आई, येते गं."

तिने माझा हात घट्ट धरला. "दादासारखं येते, की खरंच?"

खरंच येते.

तुझी धाकटी