शिशी देवळीत राहिली

माळावर, मंगळवार, ११ जानेवारी १९४४

प्लेगमुळे गाव सोडून माळावर झोपड्या टाकल्याला आज नववा दिवस. निघताना माझी पुस्तकांची पेटी आठवणीनं उचलली, आणि आबांच्या दम्याच्या औषधाची शिशी घरी भिंतीतल्या देवळीत विसरलो. गावातली वस्तू इकडं आणायची नाही, ही पंचांची ताकीद. म्हणून गप्प बसलो. खरं तर भ्यालो.

आज आबांच्या पांढऱ्या मिशीला लाल औषध दिसलं.

"आबा, घरी गेला होता?"

"रोज जातो. वस्तू आनू नका म्हनले पंच. मी कुठं हातात आनतो? पोटातनं आनतो."

हसूच आलं मला. मग अंगावर काटा आला.

शिशीवरच्या डोस मोजायच्या कागदी पट्टीच्या दोनच खाचा उरल्यात म्हणे. दोन खाचा, म्हणजे अजून दोन फेऱ्या. जाऊ नका म्हणावं तर धाप लागेल, जा म्हणावं तर... "मी जातो" असं का नाही आलं तोंडातून?

मग ते सहज म्हणाले, "आज देवळीखाली उंदीर मरून पडला हुता. बूच गच्च लावून आलोय."

त्यांना काळजी त्या दोन खाचांची.

मी मात्र तेव्हापासून, त्यांनी हात वर केला की काखेत गाठ शोधतोय.