धडा एकोणिसावा

प्रिय छोट्या,

हे पत्र मी संगणकावर लिहिलं आणि इथल्या कचेरीतल्या बाईंकडून छापून घेतलं. अक्षरं चांगली मोठी ठेवा म्हटलं, तर त्यांनी विचारलं, भाऊ म्हातारे आहेत का? नाही हो, बेचाळिसाचा आहे, पण ठेवा. का ते शेवटी सांगते. आधी खुशाली. तू मला ज्यासाठी इथे सोडून गेलास, ते दहा दिवसांचं शिबिर संपून आज सहा दिवस झाले. न्यायला कुणी आलं नाही, फोनही नाही. ओशाळू नकोस, मी वाट पाहिलेली नाही. खोली बरी आहे, खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं. शिबिर मात्र इथे कधीच नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मला कसं कळलं, याचं तुला कोडं पडलं असेल. माझे धडे तू कधी ऐकले नाहीस, म्हणून जरा समजावून सांगते. माझ्यासारख्या दोनेकशे आंधळ्यांना मी संगणक शिकवते. पडद्यावरचं सगळं, अगदी बटणाला 'बटण' म्हणूनसुद्धा, वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज आणि माझं बोलणं, दोन्ही एकाच वेळी पण वेगवेगळ्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रित होतात. कानांवर हेडफोन लागतातच, नाहीतर संगणकाचा आवाज माइकमध्येही शिरतो आणि सगळं दुहेरी ऐकू येतं. म्हणजे त्या वेळी माझ्या कानात फक्त संगणक. खोली ऐकतो तो माइक. आणि तो माइक माझ्या वाढदिवसाला तूच आणलास. टाचणी पडली तरी टिपतो म्हणून केवढी फुशारकी मारली होतीस! खरं होतं रे.

एकोणिसावा धडा नेमका याच विषयावर होता, दोन आवाज एकत्र कसे घ्यायचे. रविवारी भरदुपारी केला. आधीच्या धड्यात मागे कसलीशी खुडबुड येते अशी एकाची तक्रार होती, म्हणून या वेळी संगणकाची पट्टी बंद करून नुसती माझी पट्टी ऐकायला बसले. मी मोठ्या उत्साहात सांगत होते, मंडळी, आता दोन्ही आवाज नीट ऐका. आणि माझ्या पाठीमागे तुझी बायको म्हणत होती, अहो, हळू, ऐकतील ना त्या. तू म्हणालास, तिच्या कानात ते भूत बडबडतंय, घर कोसळलं तरी कळायचं नाही तिला. मग तू संगणकाची नक्कल केलीस. ताई, बटण. ताई, बटण. ताई उपलब्ध नाही. छान जमली. दोघं पोट धरून हसलात. त्यानंतर ठरलं, की शिबिर म्हणून आश्रमात नेऊन सोडायचं, कायमचं आहे हे महिन्याभराने सांगायचं, तोवर तिला सवय होईल.

तुला बोट धरून शाळेत नेणारी मी. ते उगाळत बसत नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. रात्री तू उद्याच शिबिराला निघायचं म्हणालास; दुसऱ्या दिवशी उठून मुकाट्याने बॅग भरली. तू बॅग उचललीस, फाटकाशी म्हणालास, ताई, दहा दिवस काय, चुटकीसरशी जातील. मी तुझा गाल थोपटला. तो घामाने ओला होता. खोटं सांगत नाही, मला फार बरं वाटलं.

इथे आल्या रात्रीच ती पट्टी मी पुन्हा ऐकली, नुसती चीड टिकवायला. तिसऱ्यांदा ऐकताना तुझा पाय स्टुलावर आपटल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग पाण्याचा पेला पडला आणि तू बायकोवर खेकसलास, वस्तू जागच्या हलवू नकोस म्हणून कितीदा सांगायचं? ती म्हणाली, अहो, तिथेच तर आहे. स्टूल वीस वर्षं तिथेच आहे, छोट्या. चाळिशीत मीही आईवर अशीच खेकसायचे. बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं नंतर. तेव्हा डॉक्टरांनी, हे रक्तातून येतं म्हणून, तुलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास, मला काय धाड भरलीय! हे ओळखून मला आनंद झाला का? झाला. पाच मिनिटं अगदी पोटभर झाला. मग मी खूप रडले. त्यानंतरही सोळा दिवस गप्प बसले, तेही कबूल करते. याच आठवड्यात डोळे दाखव, औषध नाही पण किती वेळ हातात आहे ते कळेल. अक्षरं मोठी ठेवली ती म्हणूनच. सोबत एकोणिसावा धडा पाठवते आहे, दोन्ही पट्ट्यांसकट, काही न कापता. लागेल तेव्हा शिक. तू संगणकाशी बसशील, कानांवर हेडफोन असतील, आणि बायको खोलीत कुणाशीतरी बोलत असेल. माइक तेवढा सुरू ठेव.

अजूनही तुझीच,
ताई