चार मिनिटं

प्रिय बेरेंड,

सहीसाठी पाठवलेला कागद मिळाला. वर चिकटवलेली तुझी चिठ्ठीही वाचली, ‘आई, एक सही कर आणि विषय मिटव.’ यापुढे बस एक मिनिटही थांबवणार नाही, असं मी लिहून द्यायचं. तेवीस वर्षं झ्वोले स्टेशनासमोरून बस चालवतेय, अजून कुणापुढे नाक घासलेलं नाही.

साडेपाचला गाडी येते, पाच पस्तीसला माझी बस सुटते. मधली पाच मिनिटं तू आखलीस. ते वेळापत्रक लागलं तेव्हा डेपोत मीच केक वाटला होता, लेकानं बसवलंय म्हणून. अभिमान होता रे, अजूनही आहे. पण ती पाच मिनिटं धडधाकट पायांची आहेत. माझी रोजची प्रवासी रूल्फीन वाचनालयातलं काम संपवून त्याच गाडीनं येते, चाकांच्या खुर्चीवर. लिफ्टपाशी सायकली, बाबागाड्या, सुटकेसा यांची रांग. सुट्टीच्या दिवशी मी घड्याळ घेऊन तिच्याबरोबर फलाटापासून बसपर्यंत आले. नऊ मिनिटं लागली. तेव्हापासून मी चार मिनिटं थांबते.

पुढची बस तासानं. तिला खुर्चीतून पलंगावर ठेवणारी मदतनीस साडेसहाला येते आणि दार उघडलं नाही तर निघून जाते, तिलाही पुढची घरं असतात. नोव्हेंबरात मी रजेवर होते. बदली ड्रायव्हर ठरल्या वेळेला निघाला आणि रूल्फीन रात्रभर कोट घालून खुर्चीतच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मलाच म्हणाली, “जाऊ दे गं यांतिना, माझ्यापायी तू कशाला शिव्या खातेस?” मला इतका राग आला की तिलाच ओरडले, “गप बस! बस मी चालवते की तू?”

पुढच्या थांब्यांवरची माणसं चार मिनिटं वाऱ्यात उभी राहतात, हे खरं आहे. त्यांची मी रोज माफी मागते. बसमध्ये बसलेला काम्पहाउस म्हातारा तर पहिल्या दिवसापासून कटकट करायचा, “बाई, ही बस आहे की बाकडं? घरी माझे बटाटे गार होतायत!” मी म्हटलं, “मग तळून खा.” आता तोच खिडकीला नाक लावून बसतो आणि “आली, आली, रॅम्प काढा!” म्हणून बस डोक्यावर घेतो. तक्रार त्याची नव्हती. तक्रार तुमच्या ऑफिसातल्या पडद्यावर बसला उशीर झाला की पेटणाऱ्या लाल ठिपक्याची आहे.

गुरुवारी माझी चौकशी आहे आणि कंपनीच्या बाजूनं वेळापत्रक घेऊन तू बसणार आहेस, हे मला डेपोतल्या लोकांकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं. कागद सही न करता परत पाठवतेय. त्या दिवशी आजारपणाचं सोंग काढू नकोस. मला आई म्हणू नकोस आणि सांभाळूनही घेऊ नकोस. यापुढेही बस थांबवणार का, असं खुशाल विचार. मी हो म्हणणार, मग नोकरी गेली तरी चालेल. त्यानंतर माझी पाळी. ती मोजलेली नऊ मिनिटं लिहून मी डिसेंबरातच तुझ्या हातात दिली होती. तू वाचलीस, घडी घालून खिशात ठेवलीस आणि नवं वेळापत्रक पुन्हा पाच मिनिटांचंच काढलंस. ते का, हे मी तिथं सगळ्यांसमोर विचारणार आहे. तू माझा मुलगा आहेस, म्हणून आधी कळवतेय.

तुझीच,
आई