साडेदहाचे सर

मंगळवार, संध्याकाळ

गंगाखेडचा जपानी क्लास नऊचा, सर आजही साडेदहाला उगवले. जपानात नर्सची नोकरी मिळावी म्हणून मी पालमहून पहाटेची एसटी धरते, आणि हे! वर मनगटावरचं ताटाएवढं घड्याळ दाखवत म्हणाले, "जपानी माणूस वेळेचा लय पक्का. किती वाजता ते आधी, त्याला 'नि' लावा, मग काय झालं ते सांगा." लाज कशी वाटत नाही? घड्याळ काय शोभेला बांधलंय?

वाक्य करायला मलाच उठवलं. म्हटलं, "सेन्सेई वा जूजिहान नि किमास." सर साडेदहाला येतात.

सरांनी घड्याळ सावरलं. "शाब्बास! एक चूक न्हाई." वाक्य फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "उद्या नऊला सगळ्यांनी पाठ करून या."